बोट कुणाचं?

"म्हणजे गेली बावीस वर्षं मी पेशंटना जे शिकवलं, ते शिकवणं नव्हतं?" सिस्टरांनी विचारलं.

"ते शिकवणं नव्हतं, सिस्टर. ते सांगणं होतं," प्रशिक्षक बाई गोड हसून म्हणाल्या. "आणि खरं सांगायचं तर, थोडंसं ओरडणं होतं."

प्रशिक्षक बाई सिस्टरांच्या थोरल्या मुलीच्या वयाच्या होत्या. त्यांनी आयुष्यात किती जणांना इंजेक्शन दिलं असेल, याबद्दल सिस्टरांना दाट शंका होती. पण त्यांच्याकडे पडद्यावर दाखवायची चित्रं होती, बाण होते, एकमेकांत गुंतलेली वर्तुळं होती, आणि माणूस कसा शिकतो याचे एकूण चार सिद्धांत होते. तीन दिवस सिस्टर पहिल्या रांगेत बसून हे ऐकत होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांच्या हातात एक छापील पत्रक पडलं आणि वर मेट्रनबाईंचा हुकूम आला, की मंगळवारच्या मधुमेहाच्या दवाखान्यात हे सगळं लगेच सुरू करायचं.

पत्रकात लिहिलं होतं की रुग्णाला रागवू नये. नवी गोष्ट त्याच्या जुन्या अनुभवाशी जोडून सांगावी. एका वेळी एकच पायरी घ्यावी, ती पुरी झाल्याशिवाय पुढची उघडू नये. पायरी जमली की कौतुक करावं आणि वहीवर एक चांदणी चिकटवावी. रुग्णाने स्वतःच्या हाताने करून दाखवावं. आणि सगळ्यात शेवटी, जाड अक्षरांत होतं की रुग्ण हा जबाबदार प्रौढ माणूस आहे. घरी साखर तपासून त्याने वहीत जो आकडा लिहिला असेल तो खरा मानावा, त्याच्यामागून पुन्हा तपासून त्याचा आत्मविश्वास खच्ची करू नये.

"आणि तो खोटं लिहीत असेल तर?" सिस्टरांनी विचारलं होतं.

"प्रौढ माणूस स्वतःशी खोटं का बोलेल?" प्रशिक्षक बाई म्हणाल्या होत्या.

ही बाई कुठल्या जगात राहते, असं सिस्टरांच्या मनात आलं. प्रयोगासाठी एक रुग्ण निवडायचा होता. चौथ्या आठवड्यात प्रशिक्षक बाई जातीनं येऊन बघणार होत्या. मेट्रनबाईंनी यादीवर बोट फिरवलं आणि ते नेमकं निरीक्षकांवर थांबवलं.

"हे जमले की बाकीचे आपोआप जमतील," मेट्रनबाई म्हणाल्या.

निरीक्षक म्हणजे वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. नोकरीत असताना तराजूखाली चिकटवलेला मेणाचा गोळा ते रस्त्याच्या पलीकडून ओळखत, असं म्हणत. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती, पण खातं त्यांच्यातून निवृत्त झालं नव्हतं. दवाखान्यातल्या वजनकाट्यावर त्यांचा पहिल्या दिवसापासून अविश्वास. एकदा ते घरून पिशवीत दोन किलोचं पितळी वजन घेऊन आले, काट्यावर ठेवलं आणि फरक काढून दाखवला. मग रीतसर तक्रार केली. काटा दुरुस्तीला गेला तो अजून आलेला नव्हता, आणि तेव्हापासून सिस्टर सगळ्या पेशंटना "अंदाजे किती असेल वजन?" असं विचारत होत्या. गेली सहा वर्षं त्या निरीक्षकांना साखरेवरून ओरडत होत्या आणि निरीक्षक त्यांना काट्यावरून.

त्यांच्या सोबत दर मंगळवारी काकू असत. काकू शिवणकाम करायच्या. पडदे, उशांचे अभ्रे, शाळेचे गणवेश, जे येईल ते. बाकावर बसल्या की पिशवीतून काहीतरी काढून हेम घालायला सुरुवात. "काकू, तुमचीही एकदा तपासू का?" असं कुणी विचारलंच तर त्या दोरा तोंडात धरून म्हणायच्या, "मला काय धाड भरलीय!"

पहिल्या मंगळवारी सिस्टरांनी पत्रक टेबलाच्या खणात उघडं ठेवलं, एक मोठा श्वास घेतला आणि चेहऱ्यावर हसू आणलं. निरीक्षक घाबरून दोन पावलं मागे सरकले.

"बसा काका. आज आपण तुमच्या अनुभवातून शिकणार आहोत. समजा, तुमचं रक्त म्हणजे एक दुकान आहे. साखर हा त्यातला माल."

"दुकान कुणाच्या नावावर?"

"तुमच्याच."

"मग माल जास्त आहे ही चांगलीच गोष्ट आहे की!"

सिस्टरांच्या जिभेवर सहा वर्षांची सवय आली होती. त्यांनी खणात नजर टाकली आणि ती गिळली. "छान विचार केलात," त्या म्हणाल्या. "पण माल प्रमाणाबाहेर झाला तर सडतो ना? म्हणून तो रोज मोजायचा. हे बघा, हे मोजायचं यंत्र. हे तुम्ही घरी न्यायचं."

निरीक्षकांनी यंत्र हातात घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं, चष्मा कपाळावर ढकलून डोळ्यांजवळ नेलं.

"यावर शिक्का कुठाय?"

"मागे कंपनीचं नाव आहे की."

"कंपनी स्वतःच्याच मालाला शिक्का मारणार? अहो, असं म्हणणारे छप्पन दुकानदार मी उभे केलेत कोर्टात!"

"अनुभवाशी जोडून सांगावं" हे वाक्य ज्यानं कुणी लिहिलं त्याला एकदा निरीक्षकांसमोर बसवायला हवं, असं सिस्टरांना तीव्रतेनं वाटलं. पण त्या पुढच्या पायरीकडे वळल्या. हात धुवायचे, पट्टी यंत्रात घालायची, पेनासारखी सुई बोटाच्या कडेला लावायची, बटण दाबायचं, थेंब आला की पट्टीला टेकवायचा. निरीक्षकांनी सगळं एकदा ऐकलं आणि शब्द न चुकवता परत म्हणून दाखवलं. तोंडी परीक्षेत त्यांना कुणी हरवू शकलं नसतं.

"वा! आता करून दाखवा."

निरीक्षकांचा चेहरा पांढरा पडला. सुईचं पेन त्यांनी हातात घेतलं, स्वतःच्या बोटाकडे पाहिलं, पेनाकडे पाहिलं आणि मग खणातल्या पत्रकाकडे पाहिलं. ते त्यांना उलट्या बाजूनंही सहज वाचता येत होतं.

"'रुग्णाने स्वतःच्या हाताने करून दाखवावं.' असंच आहे ना?"

"हो. तुमच्याच हातानं."

"बोट कुणाचं, ते लिहिलेलं नाही," निरीक्षक म्हणाले, आणि सिस्टरांनी हात मागे घेण्याच्या आत त्यांच्या अनामिकेला सुई टोचून मोकळे झाले. थेंब नीट पट्टीवर घेतला. कुठं सांडला नाही, पुसला नाही. "एकशे दोन. तुमचं काही वाईट नाही."

बाकावर काकूंना हसू आवरेना. सिस्टर बोट तोंडात धरून पत्रकाकडे बघत राहिल्या. पुन्हा पुन्हा वाचलं तरी पायरी पुरी झाली होती. पत्रकाप्रमाणे निरीक्षकांच्या वहीवर एक चांदणी चिकटवावी लागली.

"मी काय बालवाडीत आहे?" निरीक्षक भडकले. मात्र शेजारच्या बाकावरच्या निवृत्त पोस्टमास्तरांच्या वहीवर दोन चांदण्या दिसल्यावर त्यांनी सहज म्हणून विचारलं, "यांना दोन कशा?"

"तुमच्या आधी यांच्या वहीवर मी सराव करून बसले, म्हणून," सिस्टर म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी निरीक्षक स्वयंपाकघरातल्या टेबलाशी यंत्र मांडून बसले. हात धुऊन झाले. पट्टी घालून झाली. सुईचं पेन बोटापर्यंत गेलं आणि परत आलं. असं चार वेळा झालं. यंत्र वाट बघून बंद पडलं. दुसरी पट्टी घातली.

"आणा इकडे ते," काकू चहा गाळता गाळता म्हणाल्या. "दिवसातून दहा वेळा सुई लागते मला. त्यात काय एवढं?"

"हात लावू नकोस!" निरीक्षक ओरडले, आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर एकदम समाधान पसरलं. "थांब. तू बस इथं. या यंत्राला शिक्का नाही. शिक्का नसलेल्या मापानं मी माझं रक्त मोजणं म्हणजे गुन्हा आहे. आधी यंत्र तपासायला हवं. कशानं तपासतात काटा?"

"मला काय माहीत?"

"प्रमाण वजनानं! जे बरोबर आहे हे आधीपासून ठाऊक असतं, ते वजन ठेवायचं आणि काटा काय म्हणतो ते बघायचं. आपल्या घरात निरोगी कोण आहे? तू! पस्तीस वर्षांत तुला साधं पडसं झालेलं मी पाहिलेलं नाही. तू प्रमाण वजन."

"सकाळी सकाळी माझ्या वजनावर बोलायचं काम नाही," काकू म्हणाल्या. पण पस्तीस वर्षांत नवऱ्यानं त्यांना प्रमाण वगैरे प्रथमच म्हटलं होतं. त्यांनी पदराला हात पुसला आणि बोट पुढे केलं.

यंत्रानं पाच सेकंद विचार केला आणि आकडा दाखवला: दोनशे चौऱ्याहत्तर.

"सापडला!" निरीक्षक टेबलावर हात आपटून उठले. "अडीचपट! सरळ सरळ अडीचपट दाखवतंय चोर!"

वहीत त्यांनी ठळक अक्षरात दोनशे चौऱ्याहत्तर लिहिलं. एका दिवसाच्या नोंदीवर खटला उभा राहत नाही, हे त्यांना अनुभवानं माहीत होतं. म्हणून त्यांनी रोज सकाळी काकूंचं बोट घेऊन आठवडाभर नोंदी केल्या. स्वतःचं बोट यंत्र प्रमाणित झाल्यावर. नियम म्हणजे नियम. त्यात आपलं बोट वाचतंय, हा विचार त्यांच्या मनात आलाच नाही, असं ते नंतर शपथेवर सांगत होते.

दुसऱ्या मंगळवारी सिस्टरांनी वही उघडली. दोनशे चौऱ्याहत्तर. दोनशे अडुसष्ट. दोनशे एक्याऐंशी. सहा वर्षं ओरडत होत्या तेव्हा या माणसाची साखर कधी एकशे ऐंशीच्या वर गेली नव्हती. एक आठवडा गोड बोलल्या तर ही तऱ्हा!

"काका, तुम्ही घरी खाता तरी..." खणातलं पत्रक. सिस्टरांनी दात आवळले. "या आकड्यांबद्दल तुम्हाला स्वतःला काय वाटतं?"

"यंत्र चोर आहे, असं वाटतं."

"यंत्र?"

"मी प्रमाण वजन लावून पाहिलंय. रोज. सात दिवस. वहीत आहे सगळं."

"तुमची ती वजनं ठेवा हो घरी!" सिस्टर म्हणाल्या. निरीक्षक आता वीतभर यंत्रावर पितळी वजन ठेवून बघतात की काय, अशीच त्यांची समजूत झाली. वाद नको म्हणून त्यांनी ते यंत्र कपाटात टाकलं आणि दुसरं, कोरं करकरीत दिलं. खरं तर तिथल्या तिथं निरीक्षकांचं बोट पकडून दवाखान्याच्या यंत्रावर एक थेंब घ्यावा असं त्यांच्या हातांना वाटत होतं. त्यांनी प्रशिक्षक बाईंना फोन लावला.

"तपासू नका हं," पलीकडून आवाज आला. "वहीवर विश्वास ठेवा. सातही दिवस लिहिलंय ना त्यांनी? मग सात चांदण्या द्या. आपण आकड्याचं नाही, प्रयत्नाचं कौतुक करतो."

सिस्टरांनी फोन ठेवला आणि दोनशे एक्याऐंशी साखरेच्या माणसाला सात चांदण्या चिकटवल्या. त्यांनी त्या इतक्या संतापानं थापल्या, की दोन वाकड्या बसल्या. निरीक्षकांनी त्या सरळ करून मागितल्या.

नव्या यंत्रानं काकूंच्या बोटावर दोनशे शहाऐंशी दाखवली. निरीक्षकांचा आता संशय उरला नाही. सबंध कंपनीच बोगस होती. त्यांनी तक्रारअर्जाचा मसुदा करायला घेतला. आणि तिसऱ्या मंगळवारी वहीतले चौदा दिवसांचे आकडे बघून डॉक्टरांनी सकाळची एक गोळी होती तिथं सकाळी दोन आणि संध्याकाळी एक केली.

"चुकीच्या मापावर निर्णय घेताय तुम्ही!" निरीक्षक म्हणाले.

"काका, गोळ्या घ्या," डॉक्टर वर न बघता म्हणाले. बाहेर एकवीस माणसं बसलेली होती.

"डॉक्टर सांगतात तर घ्यायच्या," काकूंनी निकाल दिला.

निरीक्षक कायदा मानणारे होते. गोळ्या त्यांनी वेळच्या वेळी घेतल्या. फक्त वहीत रोज शेरा मारला: "निषेध नोंदवून गोळी घेतली." त्या शेऱ्याबद्दलही पत्रकानुसार चांदणीच मिळणार होती.

चौथ्या मंगळवारी प्रशिक्षक बाई आल्या. सोबत वही, पेन आणि ते गोड हसू. खोली झाडून घेतली होती, खिडकीची काच पुसली होती, आणि सिस्टरांच्या मनात हा मंगळवार एकदाचा संपावा एवढीच इच्छा होती. निरीक्षक फाइल काखेत मारून, यंत्राची पिशवी हातात घेऊन हजर झाले. फाइलमध्ये दोन यंत्रांविरुद्धचा अर्ज होता, तीन प्रतींत. मागोमाग काकू शिवणाची पिशवी घेऊन बाकावर बसल्या.

"काका, आज तुम्ही आम्हाला शिकवायचं," प्रशिक्षक बाई म्हणाल्या. "समजा, आम्हाला काहीच येत नाही."

"समजायचं कशाला?" निरीक्षक म्हणाले आणि उभे राहिले.

ते सुरेख बोलले, हे सिस्टरांनाही मान्य करावं लागलं. हात का धुवायचे, सुई बोटाच्या मधोमध का नाही, पट्टीच्या डबीचं झाकण लगेच का लावायचं, सगळं खणखणीत आवाजात. प्रशिक्षक बाई भराभर लिहून घेत होत्या. "बघितलंत सिस्टर?" असा एक कटाक्षही त्यांनी टाकला. मग निरीक्षकांचा आवाज जरा खाली आला. "थेंब... थेंब घेताना..." त्यांनी कपाळ पुसलं. सदरा पाठीला चिकटला होता. "थेंब मापात... हातचलाखी नको... काय हो दुकानदार, झाकण लावा ते..."

"दुकानदार कुणाला म्हणताय?" प्रशिक्षक बाई हसल्या. "छान उदाहरण देताय!"

सिस्टर हसल्या नाहीत. त्या खुर्ची ढकलून कधी उठल्या, मध्ये आलेल्या प्रशिक्षक बाईंना कोपरानं कधी बाजूला केलं आणि निरीक्षकांना कधी खाली बसवलं, हे त्यांनाही कळलं नाही. निरीक्षकांचा हात बर्फासारखा गार आणि ओला होता. सिस्टरांनी बोट धरलं, सुई टोचली. विरोध करायची ताकद निरीक्षकांत उरली नव्हती.

एकावन्न.

"पाण्यात साखर! चार चमचे! मॅडम, उभ्या काय राहिलात, कपाटात खालच्या खणात बरणी आहे!"

प्रशिक्षक बाई पळाल्या. सिस्टरांनी निरीक्षकांचं डोकं दंडावर टेकवून घोट घोट साखरेचं पाणी पाजलं. काकूंच्या मांडीवरचा गणवेश खाली पडला होता आणि त्या नवऱ्याचे दोन्ही पाय धरून, "अहो, इकडे बघा, अहो, माझ्याकडे बघा," एवढंच म्हणत होत्या. सातआठ मिनिटांनी निरीक्षकांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "पाय सोड. लोक बघतायत." तेव्हा कुठं सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

प्रशिक्षक बाई निरीक्षकांची वही उघडून उभ्या होत्या. "पण सिस्टर, हे कसं शक्य आहे? आज सकाळचाच आकडा आहे, दोनशे ब्याण्णव."

"ते कुठलं यांचं!" काकू एकदम उसळल्या. "ते माझं आहे!"

"तुमचं म्हणजे?"

"माझं म्हणजे माझं! माझं बोट, माझं रक्त! हे कुठले टोचून घेतायत? सुई बघितली की डोळे फिरतात यांचे. तीन आठवडे मीच बसतेय सकाळी बोट पुढे करून. प्रमाण वजन ना मी!"

"वजन!" सिस्टर पुटपुटल्या. "ते वजन तुम्ही होतात होय?"

"मी दुसऱ्याच मंगळवारी सांगितलं होतं," निरीक्षक क्षीण आवाजात, पण दुखावल्या सुरात म्हणाले.

आणि मग सिस्टर फुटल्या. चार मंगळवार गिळलेलं सगळं बाहेर आलं. या वयात सुईला घाबरता, बरं घाबरलात तर घाबरलात, सांगायला काय झालं होतं? तुमच्या बायकोच्या रक्तावर डॉक्टरांनी तुमच्या गोळ्या वाढवल्या, आणि तुम्ही त्या निषेध नोंदवून खाल्ल्यात? आज इथं होतात म्हणून, रस्त्यात असता तर? जिन्यावर असता तर? आणि मॅडम, प्रौढ माणूस जबाबदार असतो म्हणे! हा बघा जबाबदार माणूस! एका चांदणीसाठी बायकोचं बोट...

बोलता बोलता त्या मधेच थांबल्या. त्यांनी काकूंकडे वळून पाहिलं.

"काकू," त्या अगदी हळू म्हणाल्या, "दोनशे ब्याण्णव तुमची आहे?"

"हो मग! यंत्र बिघडलंय ना."

"उपाशीपोटी?"

काकूंनी सिस्टरांकडे, मग प्रशिक्षक बाईंकडे, मग नवऱ्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा रागानं लाल झाला.

"काहीतरी काय! मला काय धाड भरलीय? अहो, सहा वर्षं यांचं पथ्य मी सांभाळतेय! घरात केक आला, बिस्किटं आली, कुणी खाऊ दिला, यांच्या तोंडात कण जाऊ दिला नाही मी. राहिलं तर हे उठून खातील म्हणून प्रत्येक वेळी सगळं मी संपवलंय! एकटीनं! कंटाळा आला तरी! आणि आता मलाच म्हणताय?"

प्रशिक्षक बाईंच्या हातातलं पेन खाली गेलं. सिस्टरांनी कपाटातलं पहिलं यंत्र काढलं, निरीक्षकांच्या पिशवीतलं दुसरं काढलं, दवाखान्याचं तिसरं त्यांच्याशेजारी ठेवलं.

"बघा ना, तुम्ही तरी सांगा यांना," काकू नवऱ्याला म्हणाल्या. "तीन आठवडे तुम्हीच म्हणताय ना, बोगस आहेत म्हणून. अर्ज केलाय ना तुम्ही?"

निरीक्षकांनी मांडीवरच्या फाइलकडे पाहिलं. आयुष्यात त्यांनी दिलेला निकाल कधी मागे घेतला नव्हता. यंत्रं खोटी असतील तर ते बरोबर होते आणि बायको ठणठणीत होती. तो अर्ज खरा ठरावा असं त्यांना इतकं कधीच वाटलं नसेल. मग त्यांनी बाही वर केली, स्वतःचा उजवा हात टेबलावर ठेवला, आणि मान दुसरीकडे वळवून सिस्टरांना म्हणाले, "घ्या. तिन्हींवर घ्या. एकच माल तीन काट्यांवर लावून बघायचा असतो."

तीन बोटं टोचली. दर वेळी त्यांनी डोळे गच्च मिटले, पण हात हलवला नाही. शहाण्णव. चौऱ्याण्णव. सत्त्याण्णव.

निरीक्षकांनी आकडे स्वतः वाचले, फरकाचा हिशेब मनात केला आणि फाइल बंद केली.

"यंत्रं बरोबर आहेत," ते म्हणाले. आणि मग काकूंकडे न बघता, "तुला औषध सुरू करावं लागणार."

काकूंनी खाली पडलेला गणवेश उचलला, झटकला आणि घडी घालू लागल्या. घडी काही केल्या नीट बसेना.

डॉक्टर आले. निरीक्षकांच्या गोळ्या पुन्हा एकावर आल्या, काकूंच्या नावाचा नवा कागद तयार झाला. सगळे पांगल्यावर प्रशिक्षक बाईंनी आपला अहवालाचा फॉर्म पुढे ओढला. "सिस्टर, इथं एक रकाना भरायचाय. रुग्णात बदल नेमका कोणत्या पद्धतीमुळे झाला?"

"लिहा," सिस्टर म्हणाल्या, "ओरडले."

प्रशिक्षक बाईंनी क्षणभर विचार केला आणि लिहिलं: "तत्काळ प्रतिसाद."

त्यानंतर दोन दिवसांनी, गुरुवारी सकाळी, सिस्टर दवाखान्याचं दार उघडत होत्या तेव्हा पायरीवर काकू बसलेल्या होत्या. एकट्या. मांडीवर शिवण नव्हतं.

"आज तुमचा वार नाही, काकू."

"माहितीये. हे झोपलेत तोवर आले. तुम्हाला एक विचारायचं होतं." त्या आत आल्या, पण खुर्चीवर बसल्या नाहीत. "परवा ते पडले असते, डोकं आपटलं असतं, काही वाईट झालं असतं... तर ते माझ्यामुळे ना? माझ्या रक्तामुळे गोळ्या वाढल्या त्यांच्या."

सिस्टरांनी त्यांना हाताला धरून खुर्चीत बसवलं. पत्रक खणातच होतं, पण खण उघडायचं त्यांना सुचलं नाही.

"तुमच्यामुळे काही झालं नाही," त्या म्हणाल्या. "आणि झालंच तर आता तुम्हाला कळेल. ऐका. विनाकारण घाम सुटला, हात कापायला लागले, असंबद्ध बोलायला लागले, उगाच चिडले, की साखर खाली गेली समजायचं. तपासायलाही थांबायचं नाही. तीनचार चमचे साखर पाण्यात घालून पाजायची. पंधरा मिनिटांनी बरं वाटलं की काहीतरी खायला द्यायचं. गोळी घेतली की जेवण चुकवायचं नाही. घराबाहेर पडताना खिशात साखरेची पुडी. तुमच्याही, त्यांच्याही. संपलं."

"घाम, कापरं, असंबद्ध बोलणं, चिडणं," काकू म्हणाल्या. "चिडणं कसं ओळखायचं? ते कायमच चिडलेले असतात."

"घामासकट चिडले तर."

"साखर, पंधरा मिनिटं, मग खायला. पुडी दोघांच्या खिशात." काकूंनी मान डोलावली. त्यांचा चेहरा जरा सैल झाला. मग काहीतरी आठवल्यासारखं त्यांनी विचारलं, "हे त्यांना सांगितलं होतं तुम्ही?"

"ती नववी पायरी होती," सिस्टर म्हणाल्या. "एका वेळी एकच घ्यायची असते. आम्ही तिसरीवर होतो."

काकू उठल्या. कमरेवर हात ठेवून त्यांनी सिस्टरांना खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"पाच मिनिटांचं तर काम होतं! जिवाशी गाठ असलेली गोष्ट नववी? आणि चांदण्या पहिल्या? मग तीन आठवडे तुम्ही त्यांना शिकवत तरी काय होतात, हो?"

सिस्टरांनी दाराकडे वळून रिकाम्या बाकांच्या दिशेनं मोठ्यानं हाक मारली, "चला, पुढचे कोण आहेत?"